अंगणवाडी 'पूर्ण' झाली म्हणजे काय झालं?

(इंदूर येथे गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका निवृत्त अभियंत्याने दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

माननीय अध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी आणि आरतीनंतरही खुर्ची न सोडता बसलेल्या बंधुभगिनींनो,

महिन्याभरापूर्वी आपल्या सचिवांचा फोन आला. म्हणाले, "काका, यंदा तुम्ही बोला." मी म्हटलं, "अहो, मी पस्तीस वर्षं गिट्टी, रेती आणि सरियात काढली. गणपतीपुढे मी काय बोलणार?" तर म्हणाले, "मग त्यावरच बोला. यंदा गाण्याचे कार्यक्रम दोन आहेत, एक कोरडा चालून जाईल." तेव्हा आज जे ऐकाल ते कोरडं वाटलं तर जबाबदारी त्यांची.

विषय आहे अंगणवाडीची इमारत. ती मंजूर कशी होते, बांधली कशी जाते, अडते कुठे, आणि ती पूर्ण झाली हे ठरवतं कोण. सुरुवातीलाच एक विचारतो. या सभागृहातलं कोण अंगणवाडीच्या आत जाऊन आलंय? पोलिओचे थेंब पाजायला दाराशी उभे राहिलात ते धरू नका. आत. हात वर करा... चार. त्यातला एक आमच्या सूनबाईंचा आहे, तिला मीच नेलं होतं.

यात ओशाळण्यासारखं काही नाही. आपली नातवंडं प्लेग्रुपला जातात, त्यांना न्यायला व्हॅन येते. पण आपल्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईंचं लेकरू अंगणवाडीत असतं. ते तिथे नीट असलं तर त्या वेळेवर येतात, नसलं तर ते लेकरू आपल्या स्वयंपाकघराच्या दारात बसलेलं असतं. म्हणजे त्या इमारतीशी आपला संबंध आहेच.

'अंगणवाडी' हा शब्दसुद्धा मराठीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळ कोसबाडला जे काम केलं, त्यातून तो आला. गरिबांची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात नेली, हे लक्षात ठेवा. मी पुढे पुन्हा तिथे येणार आहे.

सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू झाली. पुढची पंचवीस-तीस वर्षं ती हळूहळू वाढत गेली. मग सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला उभा राहिला, आणि डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की डिसेंबर २००८ पर्यंत देशात १४ लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत. आदेश उत्तम होता. पण केंद्र मंजूर करायला एक कागद लागतो आणि इमारतीला पाया लागतो. केंद्रं भराभर उघडली आणि मुलं बसली कोणाच्या ओसरीत, कोणाच्या गोठ्याशेजारी, कुठे देवळाच्या सभामंडपात. भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे आपण ज्याला कॅग म्हणतो त्यांनी, २००६-०७ ते २०१०-११ या काळाचा तपास केला. त्यांनी पाहिलेल्या केंद्रांपैकी ६१ टक्क्यांना स्वतःची इमारत नव्हती. ५२ टक्क्यांत शौचालय नव्हतं, ३२ टक्क्यांत प्यायचं पाणी नव्हतं.

मग इमारतींची मोहीम निघाली. खर्चाची मर्यादा आधी साडेचार लाख होती, मग सात लाख झाली, आणि पुढे बारा लाख. सहाशे चौरस फूट तरी जागा हवी. मुलांना बसायला खोली, स्वयंपाकघर वेगळं, धान्याचं कोठार वेगळं, मुलांच्या मापाचं शौचालय आणि खेळायला थोडी मोकळी जागा. कागदावर मला यात आजही एक चूक काढता येत नाही. ज्याने हे लिहिलं त्याला लहान मूल म्हणजे काय ते माहीत होतं.

मी तेव्हा सहायक यंत्री होतो. माझ्या हाताखाली उपयंत्री, आणि एकेका उपयंत्रीकडे एका वेळी तीस-चाळीस कामं: रस्ते, तलाव, नाल्या, शाळेच्या खोल्या, आणि त्यात अंगणवाड्या. दर आठवड्याला टी.एल.ची बैठक. टी.एल. म्हणजे टाइम लिमिट. ज्यांनी या प्रदेशात सरकारी नोकरी केली आहे ते आत्ता हसले, ते मला दिसलं. बैठकीत एक तक्ता असायचा आणि त्यात प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द: अप्रारंभ, प्रगतिरत, पूर्ण. पडद्यावर लाल, पिवळा, हिरवा. ज्या ब्लॉकचे हिरवे चौकोन जास्त त्याची पाठ थोपटली जायची, ज्याचे लाल जास्त त्याने उभं राहून उत्तर द्यायचं. मीही उभा राहिलोय. घरी आलो की बायको विचारायची, "आज लाल का पिवळं?"

हा तक्ता अगदीच निरुपयोगी नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो नसता तर निम्मी कामं प्लिंथवरच राहिली असती. कुठे काम अडलंय हे त्यातून कळायचं. का अडलंय ते मात्र कळायचं नाही, आणि मुख्य म्हणजे हिरवा चौकोन झाला की त्या कामाकडे पुन्हा कोणी बघायचं नाही. ते तक्त्यातून खाली जायचं. देखरेख आणि मूल्यमापन हे दोन शब्द सरकारी कागदात जोडीने येतात, लग्नातल्या बोहल्यावरच्या नवरा-नवरीसारखे. माझ्या अनुभवात नवरदेव एकटाच उभा असायचा. काम कुठवर आलं ही देखरेख आम्ही पुष्कळ केली. ते ज्यासाठी केलं ते झालं का, हे विचारायला कोणी नेमलेलंच नव्हतं.

आता काम अडतं कुठे, ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण बाहेर सर्वसाधारण समज असा असतो की पैसे खाल्ले म्हणून अडलं. खातात, नाही कशाला म्हणू? पण त्यापेक्षा कंटाळवाणी कारणं जास्त असतात. रोजगार हमीचा पैसा अंगणवाडीला जोडला तेव्हा एक अडचण आली. त्या कायद्यात मजुरी साठ आणि साहित्य चाळीस असं प्रमाण ठरलेलं. तलाव खोदताना ते जमतं, तिथे सगळं काम फावड्याचंच. इमारतीत उलटं असतं, सगळा खर्च सिमेंट, लोखंड आणि विटांचा. मग पंचायतीला तलाव, मेढबंदी अशी मजुरीची कामं बाजूने चालवून प्रमाण सांभाळावं लागायचं. ज्या वर्षी तलाव निघाला नाही त्या वर्षी अंगणवाडीचं छत अडायचं. हे गावकऱ्याला समजावून सांगा बरं. उरलेला पैसा दुसऱ्या खात्याचा, त्याचा हप्ता त्याच्या वेळेला. प्लिंथ झाली की आठ महिने थांबा. तोवर सळयांना गंज, विटा कोणाच्या तरी घराच्या कुंपणात, आणि सरपंच बदललेला. नवा सरपंच म्हणतो, ते जुन्याचं काम.

आणि पैसे येतात कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये. एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवायचा. म्हणून छत पडतं मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत. माळव्यात मे महिन्यात गावाच्या हातपंपाला पाणी किती असतं हे तुम्हाला माहीत आहे. काँक्रीटला तराई लागते. नियम साध्या सिमेंटला किमान सात दिवस सांगतो, आणि बाजारात मिळतं त्या राख मिसळलेल्या सिमेंटला दहा. बायका दोन घागरींसाठी रांगेत उभ्या असताना दहा दिवस छतावर पाणी कोण ओतणार? ओतलं तर गाव मारायला उठेल. म्हणून तराई एम.बी.त व्हायची. एम.बी. म्हणजे माप पुस्तिका, आमचा वेद. त्यात लिहिलं की झालं. असं छत पहिला पावसाळा काढतं, दुसराही काढतं, तिसऱ्यात ठिबकतं. तोवर हिरव्या चौकोनाला तीन वर्षं झालेली असतात.

तीच गोष्ट पायाची. आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. तिच्यावर बांधायचं तर मुरूम भरून, पाया पुरेसा खाली नेऊन बांधावं लागतं. माती खोलवर काळी असेल तर रुडकीच्या संशोधन संस्थेने बसवलेले खाली फुगीर डोक्याचे पाइल घालावे लागतात, साडेतीन मीटरपर्यंत. नकाशा मात्र एकच यायचा, मुरमाच्या टेकडीलाही तो आणि काळ्या मातीलाही तोच. एकच नकाशा, एकच अंदाजपत्रक, म्हणजे मोजायला सोपं. इमारत उभी राहते, फोटो झकास येतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर दिसायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा जावा लागतो. ठेकेदार असला तर त्याची अनामत अडवता येते. पंचायतच बांधणारी असली तर अडवणार कोणाची?

पुढे फोटोला अक्षांश-रेखांश चिकटवण्याची पद्धत आली. काम सुरू होण्याआधीचा एक फोटो, मधला एक, नंतरचा एक. त्याने फायदा झाला, एकाच इमारतीचे दोनदा पैसे उचलणं अवघड झालं. पण फोटोत भिंत दिसते. पाया दिसत नाही, तराई दिसत नाही, नळाला पाणी येतं का ते दिसत नाही. झाकली जाणारी वस्तू झाकण्याआधी बघणं, एवढीच खरं तर देखरेख असते. पायाची खोली माती भरण्याआधी, सळया काँक्रीट पडण्याआधी, पाइप प्लास्टर होण्याआधी. ही तीन ठिकाणं चुकली तर नंतर कितीही तक्ते भरा.

आता जे सांगायला मी खरं उभा राहिलो ते सांगतो.

निवृत्त झाल्यावर वर्षभराने माझ्या जुन्या ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न होतं, तिच्या सासरच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही, इथून दीड-दोन तासांवर आहे. मांडवाशेजारच्या घराच्या ओसरीत वीस-बावीस मुलं बसली होती. भिंतीवर वर्णमालेचा तक्ता, कोपऱ्यात वजनाचा काटा. अंगणवाडी. मी ओळखली, कारण काट्यावर योजनेचा छाप होता. आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला चूल पेटलेली, तिच्यावर खिचडीचं पातेलं. मुलं आणि चूल यांत एक पाट आडवा ठेवलेला.

मी विचारलं, "इथे तर इमारत आहे ना?" मला आठवत होतं. त्या गावाचा हिरवा चौकोन माझ्याच सहीने झाला होता. सहायिका बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "साब, वो बिल्डिंग आपने ही पास की थी ना?"

मी बघायला गेलो. इमारत गावाच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे. सरकारी जमीन तिथेच होती, पटवाऱ्याने तीच दाखवली, खसरा क्रमांक बरोबर, अतिक्रमण नाही, वाद नाही. माझ्या कागदांत जागेपुढे 'उपलब्ध' लिहिलेलं होतं आणि ते खरंच होतं. मध्ये रस्ता, त्यावरून सोयाबीनच्या ट्रॉल्या जातात. पावसाळ्यात नाल्याला पाणी येतं. चार वर्षांच्या मुलाला त्या पलीकडे कोणती आई एकटं पाठवेल? शौचालय होतं, त्यावर टाकीही होती, पण टाकीत पाणी आणणारा पाइप नव्हता, कारण पाणी दुसऱ्या खात्याचं काम. आमच्या अंदाजपत्रकात पाइप भिंतीपर्यंत होता, तो भिंतीपर्यंत आला होता. शौचालयाच्या दाराची कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर. आत लसूण भरलेला होता. गावातल्या कोणीतरी कुलूप घातलं होतं आणि त्याची चावी अंगणवाडीकडे नव्हती.

छत ठिबकत नव्हतं. भिंतीला चीरही नव्हती. मी चांगली इमारत बांधली होती.

परत आलो तर सहायिका एका मुलीला मांडीवर घेऊन खिचडी भरवत होत्या. मुलीच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा वण, जुना, कातडी ओढली गेलेली. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं: गेल्या पावसाळ्यात, पातेलं उतरवताना. पाट त्यानंतर आला. स्वयंपाकघर वेगळं असावं हे ज्याने नियमात लिहिलं होतं, त्याने अशाच एखाद्या हाताचा विचार करून लिहिलं असेल. ते वेगळं स्वयंपाकघर मी बांधून दिलं होतं, मोजून दिलं होतं, एम.बी.त चढवलं होतं. त्यात लसूण होता.

त्या लग्नात मी जेवलो नाही असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी जेवलो. यजमानाचा मान असतो. घरी येऊन मात्र जुन्या डायऱ्या काढल्या. त्या कामाच्या मी पाच भेटी दिल्या होत्या. पाचही वेळा सरपंच, सचिव, उपयंत्री, मिस्त्री यांच्याशी बोललो. अंगणवाडीच्या कार्यकर्तीशी एकदाही बोललो नाही. ज्यांना महाराष्ट्रात सेविका म्हणतात त्या बाई, जिथून मी गेलो त्याच रस्त्यावर राहत होत्या. मला हे सुचलंच नाही, कारण माझ्या फॉर्ममध्ये त्यांच्या सहीची जागा नव्हती.

इथे मी ताराबाईंच्या अंगणाकडे येतो. अंगण म्हणजे काय? घरातून हाक मारली तर ऐकू येते ती जागा. आई काम करता करता मान वळवून बघू शकते ती जागा. ताराबाईंनी मुलं तिथे बसवली. आम्ही अंगणाला भिंती आणि छत द्यायला निघालो आणि भिंती-छत घेऊन नाल्यापलीकडे गेलो. नाव राहिलं, अंगण राहिलं नाही. जागा निवडतानाच जर कोणी विचारलं असतं की इथून हाक ऐकू येते का, तर तो एक प्रश्न माझ्या सगळ्या तक्त्यांना भारी पडला असता. तो प्रश्न विचारायला इंजिनिअर लागत नाही. इंजिनिअर होता म्हणूनच बहुधा विचारला गेला नाही.

आता दुसरी गोष्ट, नाहीतर तुम्ही म्हणाल काकांनी मूड घालवला.

माझ्याच हाताखालच्या एका गावात एक कार्यकर्ती होत्या, दहावी झालेल्या, वय पन्नाशीला आलेलं. त्यांच्या केंद्राची इमारत सुरू झाली तेव्हा त्यांनी एक शंभर पानी वही घातली. रोज आलेल्या सिमेंटच्या पिशव्या आणि वापरलेल्या पिशव्या. मिस्त्रीला वाटलं बाईंना हौस आहे. एक दिवस त्यांनी उपयंत्रीला विचारलं, "सर, काल चौदा आल्या, नऊ लागल्या, रात्री पाच कुठे गेल्या?" उपयंत्री माझ्याकडे आला, म्हणाला, ही बाई फार त्रास देते. मी तेव्हा त्याला समजावलं की जरा सांभाळून घे. बाईंना सांभाळून घे असं, पिशव्या शोध असं नाही. हेही कबूल करतो. पण त्यानंतर त्या गावात पिशव्या परत गेल्या नाहीत.

छत पडलं तेव्हा तराईला त्यांनी युक्ती काढली. छतावर पाळी बांधायला लावल्या, म्हणजे मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवायचं, आणि त्यावर भाताचा पेंढा. पाणी एकदाच भरपूर लागतं, मग रोज थोडंसं. ही रीत आमच्या पुस्तकात आहे, पण त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. रोपवाटिका बघितली होती. वहीच्या त्या पानावर रोज एक रेघ, अकरा रेघा. आणि शौचालयाचं भांडं बसवायच्या दिवशी त्या एका चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या, त्याला सिमेंटच्या पिशवीवर उकिडवं बसवलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, आता याच्या पायांमधलं अंतर मोज. मी तिथे होतो. मोठ्या माणसांचं भांडं आलेलं होतं, ते परत पाठवलं. कडी त्यांनी मुलाच्या हाताला लागेल एवढी खाली लावून घेतली, आणि बाहेरून उघडेल अशी एक वर.

ती इमारत पूर्ण व्हायला इतरांपेक्षा सात महिने जास्त लागले. तक्त्यात ती शेवटपर्यंत पिवळी होती, आणि तिच्यामुळे मी एकदा उभा राहिलो. आज तिथे मुलं बसतात. मी मागच्या हिवाळ्यातच जाऊन आलो.

आता मला लोक विचारतात की यावर उपाय काय, नवीन ॲप काढायचं का? ॲप आहेत. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. त्यात कार्यकर्ती फोनवरून मुलांची हजेरी, वजन, उंची भरतात, केंद्रात शौचालय आणि पाणी आहे की नाही हेही भरतात. चांगलं आहे. पण 'शौचालय आहे' आणि 'शौचालय वापरतात' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि माझ्या गावचा लसूण पहिल्या वाक्यात मजेत राहतो. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात सामाजिक अंकेक्षण होतं, म्हणजे ग्रामसभेने स्वतः कामाचा हिशेब तपासायचा. मी अशा सभांना बसलो आहे. रकमा वाचल्या जातात, लोक ऐकतात, अंगठे होतात. रकमेवर भांडण होतं तेव्हा मी खूश व्हायचो, निदान कोणी ऐकतंय. पण "तुमची मुलं तिथे बसतात का" हा प्रश्न रकमेच्या रकान्यात येत नाही.

माझं म्हणणं फार थोडं आहे. जागा ठरवताना कार्यकर्ती आणि दोन-चार आया तिथे उभ्या राहून हो म्हणाल्या पाहिजेत. शेवटचं बिल त्यांच्या सहीशिवाय निघू नये, आणि ती सही इमारत मिळाल्याच्या दिवशी घेऊ नये, पाणी येऊन महिनाभर मुलं बसल्यावर घ्यावी. आणि एक पावसाळा, एक उन्हाळा गेल्यावर बांधणाऱ्यांव्यतिरिक्त कोणीतरी जाऊन बघावं. या तिन्ही गोष्टींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. वेळ लागतो, आणि हिरव्या चौकोनांची संख्या दोन वर्षं कमी दिसते. ती कमी दिसण्याची हिंमत बैठकीत सर्वांत वरच्या खुर्चीत असलेल्या माणसाला लागते. मी त्या खुर्चीत कधी नव्हतो, त्यामुळे हे सांगणं मला सोपं आहे.

आपल्या मंडळाचंच बघा. उत्सव संपल्यावर खजिनदार सगळ्यांसमोर हिशेब वाचतात, आणि मागच्या रांगेतून कोणी तरी हमखास विचारतं की कनातीचे पैसे यंदा एवढे कसे. दर वर्षी विचारतं. खजिनदार वैतागतात, पण म्हणूनच कनातीचे पैसे ठीक असतात. आणि मंडप उभा राहिला की नाही हे आपण पावतीवरून ठरवत नाही, गणपती आत बसला की नाही त्यावरून ठरवतो. एवढंच मला अंगणवाडीबद्दल म्हणायचं आहे.

त्या गावाचं पुढे काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. मी चार अर्ज लिहिले. निवृत्त माणसाच्या अर्जाला उत्तर येत नाही हे मला आधीपासून माहीत होतं, कारण नोकरीत असताना मीही दिलेलं नाही. दीड वर्षाने कुलूप निघालं, लसूण गेला, पाइप जोडला. नाल्यावर पुलिया अजून नाही. म्हणून उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मुलं इमारतीत बसतात आणि पावसाळ्यात ओसरीत. म्हणजे आज, आपण इथे बसलो आहोत तेव्हा, ती ओसरीत आहेत. चूल मात्र आता मागच्या परसात नेली आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या शहरातल्या बऱ्याच अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत चालतात. इथे बसलेल्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षिका आहेत, दोन डॉक्टर आहेत, आणि माझ्यासारखे सिमेंटवाले तर चांगले पाच-सहा आहेत. आपल्या घरापासून सर्वांत जवळची अंगणवाडी कुठे आहे ते शोधायचं आणि पाऊस चालू असताना एकदा आत जाऊन बसायचं, एवढंच. तपासायला म्हणून जायचं नाही, कार्यकर्ती दीदी घाबरतात. एखादी सतरंजी किंवा चित्रांची पुस्तकं घेऊन जा आणि त्यांना विचारा की तुम्हाला इथे काय अडतं. त्या जे सांगतील ते तारीख घालून लिहून आणा. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडे जमायचं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली नावं सचिवांकडे द्या. पोहे आणि जलेबी माझ्याकडून, वह्या मी आणून ठेवल्या आहेत, शंभर पानी.

काही विचारायचं असेल तर विचारा.